तीन बॉलचं यंत्र

मी लातूरला एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवतो आणि श्वसनसंस्था हा माझा हातखंडा धडा आहे. दीडशे मुलांना मी एकदम छातीवर हात ठेवायला लावतो. सांगतो, हवा आपण ओढतो असं वाटतं, पण तसं नसतं. छातीखालचा पडदा खाली सरकतो, फासळ्या वर उचलल्या जातात, आत जागा होते आणि हवा आपली आपण येते. सोडताना तर तेवढंही करावं लागत नाही, ताणलेलं सैल पडतं आणि ती निघून जाते. "म्हणजे सर, फुकटच?" असं दरवर्षी एखादी मुलगी विचारतेच. मी म्हणतो, निरोगी माणसाला फुकट. सगळे हसतात, मीही हसायचो.

माझी आई लातूरच्याच एका डाळमिलमध्ये कामाला होती. वडील लवकर गेले, त्यामुळे माझं सगळं शिक्षण तिच्या चाळणीवर झालं. मिलमध्ये तुरीच्या टरफलाची बारीक पिवळी धूळ दिवसभर उडत असायची. नाकातोंडाला पदर बांधून ती बारा-बारा तास डाळ चाळायची आणि घरी येऊन नाक शिंकरलं की पिवळंच निघायचं. मला नोकरी लागल्यावर तिने एका दिवसात मिल सोडली आणि मुदखेडला तिच्या आईच्या मागे रिकाम्या पडलेल्या दोन खोल्यांत राहायला गेली. "तुझ्या लातूरच्या हवेत डाळ हाय," म्हणाली. मी आग्रह केला, पण खोटं कशाला बोलू, फार केला नाही.

मुदखेडला ती रविवारी विहारात जायची. तिथे डोळे मिटून श्वासाकडे बघायला शिकवत. ओढायचा नाही, ढकलायचा नाही, आलेला बघायचा, गेलेला बघायचा. मी तिला चिडवायचो, "नुसतं बघून काय होतं? फुप्फुसात कप्पे किती, ते तरी सांगतात का?" ती म्हणायची, "कप्पे तू मोज. मी बघते."

गेल्या हिवाळ्यात तिला न्यूमोनिया झाला. नांदेडच्या दवाखान्यात अकरा दिवस काढल्यावर ती त्यातून उठली, पण डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन छातीचा फोटो दाखवला. इतक्या वर्षांच्या धुळीने फुप्फुसं कडक झाली आहेत, म्हणाले, आहे तेवढी तरी उघडी राहायला हवीत. म्हणून त्यांनी ते यंत्र दिलं. प्लास्टिकच्या तीन नळकांड्या, प्रत्येकीत एक रंगीत बॉल आणि बाजूला तोंडात धरायची नळी. श्वास आत ओढला की बॉल वर जातात. दिवसातून चार वेळा करायचं.

सिस्टरला घाई होती. "सर, तुम्ही शिकवताच की, आजींना समजावून सांगा," म्हणाली. मग काय, ऑटोत बसल्या बसल्या मी तास सुरू केला. पडदा, फासळ्या, आतला दाब, सगळं. आई यंत्र मांडीवर घेऊन ऐकत होती. माझं संपल्यावर म्हणाली, "तू करून दाखव की एकदा."

"नळी एकानेच तोंडाला लावायची असते," मी म्हणालो. "जंतू असतात. आणि त्यात दाखवण्यासारखं काय आहे? सोपं तर आहे."

मग मी लातूरला परतलो. परीक्षा जवळ आल्या होत्या. क्लासमध्ये त्या दिवसांत श्वास घ्यायला फुरसत नाही, असं आम्ही अभिमानाने सांगतो. रोज संध्याकाळी दोन तुकड्यांच्या मधे मी तिला फोन करायचो आणि पोरांना मार्क विचारावेत तसं विचारायचो, "आज किती?"

"एक गेला वर," ती म्हणायची. मग दोन झाले. एका रविवारी म्हणाली, "आज तिन्ही." मला इतका आनंद झाला की मी स्टाफरूममध्ये सगळ्यांना पेढे दिले. फोनवर तिचा आवाज बारीक झाला होता, दोन शब्दांच्या मधे ती थांबायची. पण उत्तर बरोबर असल्यावर मी वही कशाला तपासू?

दीड महिन्याने दोन दिवसांची सुट्टी काढून मी मुदखेडला गेलो. सकाळी चहा झाल्यावर तिने यंत्र घेतलं, भिंतीला टेकली, नळी तोंडात धरली, गाल फुगवले आणि सगळा जीव एकवटून फुंकलं. तिन्ही बॉल तळाशी होते तिथेच. तिने पुन्हा फुंकलं. चेहरा लाल झाला, मानेच्या शिरा उभ्या राहिल्या.

मी ओरडलो. ते शब्द मला अजून ऐकू येतात. "उलटं करून राहिलीस तू! फुंकायचं नाही, ओढायचं! दीडशे पोरांना कळतं आणि तुला एवढं साधं कळत नाही?"

तिने नळी पदराने पुसली आणि यंत्र खाली ठेवलं. बराच वेळ तिला दमच लागला होता. मग म्हणाली, "चूल फुंकली, सुपातलं भूस फुंकलं, तुझा घास बी फुंकूनच भरवला. आत ओढायचं मला कोन सांगितलं रे? मिलमधी तर म्हनायचे, पदर बांध, आत घिऊ नको."

"मग तिन्ही गेले म्हणून का सांगितलंस?"

"एक म्हनलं की तुझा आवाज पडायचा."

मी नळी तिच्या ओठांत दिली आणि म्हणालो, "ओढ." तिने ओढलं. पहिला बॉल जागच्या जागी थरथरला आणि तिला खोकल्याची उबळ आली. सवयीने जमेल, मी म्हणालो. आम्हा दोघांनाही ते खरं वाटलं नाही. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण, दुसरं काय! पुढे डॉक्टर म्हणाले की आधीपासून नीट केलं असतं तरी कदाचित फार फरक पडला नसता. त्यातला तो 'कदाचित' काही माझा पिच्छा सोडत नाही.

परत आल्यावरही फोन रोज चालू होता. एका संध्याकाळी मी सवयीने विचारलं, "आज किती?"

"एक बी न्हाई, बाबा."

तिचं हे पहिलंच खरं उत्तर होतं. मी नुसता "बरं" म्हणालो. दुसरी तुकडी वर्गात येऊन बसली होती. मी तसाच खाली उतरलो आणि मुदखेडला जायला नांदेडची एसटी पकडली.

दवाखान्यात तिला पुन्हा जायचं नव्हतं. डॉक्टरांनी घरीच ऑक्सिजनची सोय करून दिली. शेजारच्या चाची येऊन-जाऊन असायच्या, बाकी आम्ही दोघंच. मी उशाशी बसून असायचो. श्वास घेताना तिच्या गळ्याखालची खळगी आत ओढली जायची आणि सोडतानाही पोट कष्ट करायचं. फुकट काहीच नव्हतं. एकदा डोळे उघडून तिने विचारलं, "काय बघून राहिलास?"

"श्वास."

"हाव, बघ," ती म्हणाली. "आता जमलं तुला."

तिसऱ्या दिवशी दुपारी एक श्वास गेला आणि मी पुढच्याची वाट बघत राहिलो. चाचींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा कळलं की तो यायचा नाही.

जलदानविधी झाला, पाहुणे गेले. खोली आवरताना बुद्धमूर्तीशेजारी ते यंत्र सापडलं. नळी तिने स्वच्छ धुऊन, चिंधीत गुंडाळून ठेवली होती. मी चिंधी सोडली, नळी तोंडाला लावली आणि ओढलं. तिन्ही बॉल एका दमात वर जाऊन टकटक आपटले. कसलाही जोर लावावा लागला नाही. दम सुटला तसे ते खाली पडले.

"तू करून दाखव की एकदा," ती ऑटोत म्हणाली होती. करून दाखवायला मला तीन महिने लागले.