केला की केली?

साक्षीदाराची बोली कळावी म्हणून आठवडे बाजारात जाऊन भाजीवालीशी मुद्दाम वाद घालणारा न्यायाधीश तुम्ही पाहिलाय का? मी पाहिलाय. पेडणेकरसाहेब त्यांचं नाव. मूळचे मालवणकडचे, बदली होऊन आमच्या नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कोर्टात आलेले. एका रविवारी ते हातात वाळूक धरून विचारत होते, "बाई, ही काकडीच ना?"

"काकडी काकडीच्या जागी, वाळूक वाळकाच्या जागी. घ्यायचं आसंल तर घ्या, न्हाईतर ठिवा खाली."

साहेबांनी मान डोलावली आणि वाळूक घेतलं. न्यायाधीशाला बाजारात कोणी झापलं, याचा तालुक्यातल्या वकिलांना धक्का बसला. साहेब मात्र खूश होते.

मी तेव्हा कायद्याचं शिक्षण घेत होते. आमच्या घरात गोष्टीच्या पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त. कोर्ट म्हणजे गरिबाला चिरडायचा चरक, हे मी अक्षरओळख होण्याआधी शिकले होते आणि अजूनही ते फारसं खोटं वाटत नाही. सुट्टीत मागच्या बाकावर बसून मी मजकूर गोळा करायची. 'न्यायदेवता झोपली आहे काय?' असं पत्रक छापून मी कोर्टाच्या फाटकावरच वाटलं. दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला चेंबरमध्ये बोलावलं. पत्रक त्यांच्या टेबलावर होतं.

"पत्रक चांगलं आहे. फक्त कुठल्या वेळेबद्दल लिहिलंय? जेवणानंतरची वेळ असेल तर माझी हरकत नाही."

शिव्या खायची तयारी करून गेले होते, चहा पिऊन परत आले.

साहेबांचा खरा राग असायचा तो धुतलेल्या भाषेवर. साक्षीदार म्हणायचा, "आमी तितं हुतो की." वकील लगेच पुढे व्हायचे, "साहेब, साक्षीदाराचं म्हणणं असं की, तो घटनास्थळी उपस्थित होता." साहेब हात वर करायचे. "वकीलसाहेब, इस्त्री नको. चुरगळलेलं असू दे, पण त्याचंच असू दे." मग टायपिस्टला सांगायचे, "लिहा, आमी तितं हुतो." टायपिस्ट बिचारा घामाघूम. मशीनला मराठी येत होती, पण ही मराठी येत नव्हती. वकिलांच्या खोलीत साहेबांचं नाव 'इस्त्रीवाले' पडलं.

एकदा सरकारी वकील वैतागून म्हणाले, "साहेब, अशुद्ध लिहून काय मिळणार?" साहेब म्हणाले, "माझी आई तुमच्या पिंजऱ्यात उभी राहिली असती, तर तुम्ही तिचं एकही वाक्य तिचं ठेवलं नसतं."

नामदेवचा खटला त्यांच्यापुढे आला तो असा. शेजारचा किसन सकाळी बांधावर मेलेला सापडला. डोक्याला जखम. दोघांचं बांधावरून भांडण, हे गावाला ठाऊक. सोपानराव नावाच्या गावकऱ्याच्या फिर्यादीत लिहिलं होतं की, नामदेव सगळ्यांसमोर म्हणाला, 'खून मीच केला.' झालं. नामदेव आत. त्याची बायको चंद्रभागा प्रत्येक तारखेला भाकरी बांधून यायची, व्हरांड्यात बसायची आणि पोलिसांच्या गाडीतून उतरणाऱ्या नवऱ्याकडे बघत राहायची. नामदेवचा वकील तर गुन्हा मान्य करून, रागाच्या भरात घडलं असं म्हणू, शिक्षा कमी होईल, अशा तयारीत होता. नामदेवला कोणी काही विचारतच नव्हतं.

सोपानराव पिंजऱ्यात आले. सरकारी वकिलांनी विचारलं, "आरोपी काय म्हणाला?"

"खून म्याच केली म्हनला."

"साहेब, आरोपीने खुनाची कबुली..."

"इस्त्री नको," साहेब म्हणाले आणि पुढे वाकले. "सोपानराव, केला म्हणाला की केली?"

"केली."

"तुम्ही खून केली म्हणता?"

सोपानराव चिडले. "आसं कोन म्हनंल, साहेब? मानूस मारला तर खून केला. बांधाला दगड पुरला, चुना लावला, तर खून केली. पोरं बी चुकत न्हाईत!"

कोर्टात हशा उसळला. साहेब हसले नाहीत. "तुम्ही नामदेवला काय विचारलं होतं?"

"दगडाकडं बोट करून इचारलं, ही खून कुनी केली? त्यो म्हनला, म्याच. किसनला कुनी मारलं का त्यो आपसूक पडला, मला काय ठाव?"

"मग फिर्याद?"

"मी दगडाचंच सांगाया गेल्तो. जमादार बाहेरून बदलून आल्याले. लिहीत गेले."

"वाचून दाखवली नाही?"

"दावली की! भराभरा. केला का केली, एवढं कुटं ध्यानात येतंय?"

सरकारी वकील पुटपुटले, "उच्चाराचा किरकोळ फरक आहे, साहेब." साहेबांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "त्याची खूण बाई होती, वकीलसाहेब. तुम्ही सगळ्यांनी मिळून तिचा पुरुष केलात आणि एक माणूस आत टाकलात."

पुढे डॉक्टरांनीही साक्षीत सांगितलं की, दगडावर पडूनही अशी जखम होऊ शकते. दुसरा पुरावा नव्हताच. नामदेव निर्दोष सुटला. निकाल वाचून झाला तरी चंद्रभागा दारातच उभी. मग तिनं थेट साहेबांनाच विचारलं, "म्हंजी, घरी न्यायचा का ह्यांना?"

"न्या," साहेब म्हणाले. "लई उशीर झाला." आणि फाईल उघडून त्यात तोंड खुपसून बसले.

वर्षभरात त्यांची बदली झाली. आता कुठल्याशा जिल्ह्यात तिथल्या भाजीवालीकडून झापून घेत असतील. पण सगळ्या कोर्टांत पेडणेकरसाहेब नसतात आणि त्यांच्या येण्याची वाट बघत तुरुंगात बसणं हा काही न्याय नव्हे. म्हणून तुम्हाला एक सांगते. तुम्हाला वाचता येतं. तुमच्या गल्लीतला, वस्तीवरला कोणी फिर्याद द्यायला निघाला, तर चप्पल घाला आणि त्याच्याबरोबर जा. कागद सावकाश, मोठ्यानं वाचायला लावा. एक अक्षर जरी त्याचं नसेल, तरी ते बदलेपर्यंत त्याला अंगठा उमटवू देऊ नका. ठाण्यातले वैतागतील. वैतागू द्या.