वर्षभर चालणारं तेल

अप्पांना तेलातलं कळतं, हे लातूरच्या आडत बाजारात कुणालाही विचारा. अप्पा म्हणजे माझे वडील. त्यांचा तेलाचा घाणा होता, करडईचा आणि शेंगदाण्याचा. पुढं मोठ्या मिली आल्या, पिशवीतलं तेल आलं, घाणा बंद पडला आणि त्याच जागेत माझ्या धाकट्या भावानं किराणा दुकान टाकलं. पण अजूनही कुणाला एखाद्या डब्याची शंका आली की तो माणूस वाटीत थोडं तेल घेऊन अप्पांकडं येतो. अप्पा एक थेंब अंगठ्यावर घेतात, बोटानं चोळतात, नाकाशी नेतात आणि निकाल सांगतात. चांगलं तर चांगलं, खराब तर खराब. एकदा माझ्या सख्ख्या मामाच्या तेलाला त्यांनी चार माणसांत खराब म्हटलं, तर मामा दोन वर्षं आमच्या घराची पायरी चढला नाही. आईनं घरात भांडी आदळली. "तोंडदेखलं तरी चांगलं म्हणायचं होतं की!" अप्पा शांतपणे म्हणाले, "तेलाबद्दल खोटं बोलणं जमत न्हाई मला. बाकी कशाबद्दल बी बोलतो, सांग."

अप्पांचा आणखी एक नियम होता, तोही असाच दगडासारखा. लेकीच्या घरी कामाबिगर जायचं नाही. मला नांदेडला देऊन वीस वर्षं झाली. अप्पांचे वडील म्हणे लेकीच्या गावचं पाणीसुद्धा पीत नसत. अप्पा पाणी पितात, चहा पितात, माझ्या हातची भाकरी दोन घास जास्तच खातात, पण येण्याला काहीतरी काम पाहिजे. आई होती तेव्हा काम ती काढायची. लोणच्याची बरणी पोचवायची आहे, नातवाचं माप घ्यायचं आहे, काही ना काही. आई गेली आणि कामं काढणारं माणूसच गेलं.

मग गाडीनं ते काम अंगावर घेतलं. पांढरी, लांबोड्या डिक्कीची, भावानं लग्नानंतर घेतलेली आणि पुढं मोठी गाडी घेतल्यावर अप्पांकडं सोडलेली. दर तीन महिन्यांनी माझा फोन वाजायचा. "उद्या येऊन राहिलो. गाडीचं तेल बदलायचं हाय."

आता लातुरात गॅरेजं नाहीत का? गल्लोगल्ली आहेत. पण अप्पांचं म्हणणं, त्या पोरांना तेलातलं कळत नाही. आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावर एक मिस्त्री आहेत, वयानं माझ्याएवढे, त्यांनी पहिल्याच भेटीत गाडीचं जुनं तेल बोटावर घेऊन चोळून बघितलं आणि अप्पा तिथंच खल्लास झाले. "ह्यो माणूस कामाचा हाय," मला म्हणाले. तेव्हापासून गाडीचं तेल नांदेडलाच.

दहाच्या सुमाराला पोचायचे. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, पांढरं धोतर, पायात वहाणा, आणि गाडीतून उतरताना गुडघ्यांना हात लावून "आई गं" म्हणायची सवय. मी शाळेत अर्ध्या दिवसाची रजा टाकायची. गॅरेजच्या दारात लिंबाखाली दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, एकीत अप्पा, एकीत मी. गाडीखाली पसरट भांडं ठेवून मिस्त्री बोल्ट सोडायचे, काळं तेल धारेनं पडायला लागायचं, आणि अप्पा बोलायला लागायचे. घरात ते माझ्याशी इतकं कधीच बोलले नाहीत. आईची आठवण काढायचे ते तिथंच. सुनेबद्दल कौतुक, भावाबद्दल तक्रार, गुडघ्यांबद्दल शिव्या, सगळं त्या तासाभरात. नवा डबा फोडायच्या आधी खिशातल्या पुडीतलं भस्म काढून ते डब्याला तीन बोटं ओढायचे. मिस्त्री हसायचे नाहीत, थांबायचे. मग घरी जेवण, अर्धा तास डुलकी, आणि चार वाजता गाडी परत लातूरच्या रस्त्याला. राहा म्हटलं तर म्हणायचे, "काम झालं की आता."

मग गेल्या वर्षी गाडी रस्त्यात दोनदा बंद पडली. एकदा पट्टा तुटला, एकदा चाकूरजवळ इंजिन तापलं आणि अप्पा भर दुपारी दोन तास रस्त्याच्या कडेला बसून राहिले. भावाचा मला फोन आला. "अक्का, आता ऐक. आणखी एकदा जर ही गाडी रस्त्यात बंद पडली, तर दुसऱ्या दिवशी विकून टाकतो. अप्पा रुसले तर रुसू दे."

त्याचं काय चुकलं होतं? सत्तरी कधीच उलटलेला माणूस, एकटा, सव्वाशे-दीडशे किलोमीटर. पण गुडघ्यांमुळं अप्पांना एसटीची पायरी चढवत नाही, आणि दुसऱ्याच्या गाडीत बसायचं तर ते मिंधेपण त्यांना सोसत नाही. गाडी गेली म्हणजे अप्पांचं नांदेड संपलं. मी मनाशी ठरवलं, ही गाडी बंद पडू द्यायची नाही म्हणजे नाही.

माझा स्वभाव आईवर गेलाय. एकदा मनावर घेतलं की घेतलं. गाडीबरोबर आलेलं पुस्तक अप्पांकडून मागवून घेतलं, कव्हरापासून कव्हरापर्यंत वाचलं, रोज रात्री फोनवर व्हिडिओ बघितले. नवरा म्हणाला, "अगं, मुलांच्या अभ्यासाला एवढी बसली नाहीस कधी." पुस्तकात या इंजिनाला दोन तेलं चालतील असं लिहिलं होतं. एक पातळ, भारी, सिंथेटिक. दुसरं दाट, साधं, मिस्त्री इतकी वर्षं टाकत होते ते. पण पहिला मान पातळ तेलाचा. शिवाय ऑइल फिल्टर चांगल्यातला, हवेचा फिल्टर नवा. माझी यादी तयार झाली.

पुढच्या खेपेला अप्पांना घेऊन मी आधी स्पेअर पार्टच्या दुकानात गेले. दुकानदारानं नमुन्याला एका टोपणात थोडं सिंथेटिक तेल ओतून दिलं. अप्पांनी थेंब घेतला, चोळला, आणि तोंड वाकडं केलं.

"हे तेल हाय का पाणी?"

"अप्पा, हे इंजिनाचं तेल आहे, भजी तळायची नाहीत यात."

"अगं माय, दाट असल्याबिगर तेल धरून बसतंय का कुठं? बोटाला कळतंय की."

"पुस्तकात लिहिलंय."

"पुस्तक लिहिणाऱ्यानं घाणा बघितला नसंल."

दुकानदार गालातल्या गालात हसत होता. मला राग आला. तुमच्या गाडीसाठी मी इतकं डोकं फोडून राहिले आणि तुम्ही हट्टाला पेटलाय, असं मी दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाले.  अप्पांनी दुकानदाराकडं वळून विचारलं, "किती दिवस चालतंय हे?"

"वर्षभर बघायचं कामच नाही, काका. दहा हजार किलोमीटर बिनधास्त."

"आणि फिल्टर?"

"तेलाचा तेलासोबतच, वर्षानं. हवेचा तर त्याहून जास्त चालतो. टेन्शनच नाही."

अप्पा बराच वेळ त्या टोपणाकडं बघत राहिले. मग म्हणाले, "बरं. तुझ्या मनासारखं कर." त्या दिवशी गॅरेजवर त्यांनी डब्याला भस्म लावलं खरं, पण फारसं बोलले नाहीत. तेलातला पराभव लागलाय मनाला, असं मी समजले, आणि खरं सांगते, मला थोडी मजाच वाटली.

तीन महिने झाले. फोन आला नाही. मीच केला. "अप्पा, गाडी कशी आहे?"

"एक नंबर. आवाज न्हाई, काही न्हाई. तुझं तेल चांगलं हाय."

मी फुशारून गेले. शाळेत सुद्धा सांगितलं, माझ्या वडिलांनी कुणाच्या तेलाला इतक्या सहज चांगलं म्हटलेलं नाही. चौथा महिना लागला. कॉलनीच्या कोपऱ्यावरून जाताना लिंबाखाली एकच खुर्ची बाहेर दिसायची, दुसरी मिस्त्रींनी आत ठेवून दिलेली. "अप्पा, या की एकदा," मी फोनवर म्हणाले. "बघू. काही काम निघालं की येतो." मला वाटलं, अजून रुसलेत. म्हाताऱ्याचा हट्ट, म्हटलं, उतरेल.

पाचव्या महिन्यात एका रविवारी अकराच्या सुमाराला फोन आला. मागं ट्रकांचा आवाज.

"लोह्याच्या अलीकडं हाय मी. गाडी बंद पडली. तुझ्या भावाला सांगू नको."

मी मिस्त्रींना उठवलं, त्यांच्या जुन्या जीपमध्ये बसले आणि वाटभर शिवाचं नाव घेत राहिले. अप्पा एका बाभळीखाली रुमाल अंथरून बसले होते. मिस्त्रींनी बॉनेट उघडलं, हवेच्या फिल्टरचा डबा खोलला आणि आतली वस्तू दोन बोटांनी उचलून धरली. कागदाच्या घड्या एकमेकींना चिकटून, भिजून वाळलेल्या पापडासारखा तिचा गोळा झाला होता.

"अप्पाजी, ये क्या? हे धुतलं का तुम्ही?"

"हाव," अप्पा म्हणाले. "साबणाच्या पाण्यानं. गच्चीवर चांगलं दोन उन्हं दिली. घाण्याचं गाळणं आम्ही रोज धुवायचो. गाळणं कुणी टाकून देतंय का?"

मिस्त्री खो खो हसले. "ते कापडाचं होतं, अप्पाजी. हे कागदाचं. गाडीला श्वासच नाही घेता आला." त्यांनी सोबत आणलेला नवा फिल्टर बसवला, चावी फिरवली, गाडी दोनदा खोकली आणि चालू झाली. नेमका तेव्हाच भावाचा फोन. "अक्का, अप्पा पोचले का?" मी अप्पांकडं बघितलं. "पोचले," मी म्हणाले, "गाडी मस्त आहे." फोन ठेवला आणि मग माझा तोल गेला.

"काय गरज होती धुवायची? आणि गाडी खोकत होती हे लातुरात कळलं नाही का तुम्हाला?"

"कळलं की. परवापासनंच खोकून राहिली होती."

"मग तिथंच दाखवायची! अशी गाडी घेऊन इतक्या लांब निघालात? त्यानं विकली असती ना अप्पा आज! मग काय केलं असतंत? मी काय केलं असतं?"

अप्पांनी रुमाल झटकला, घडी घातली, पुन्हा उलगडली. माझ्याकडं न बघता म्हणाले, "काम निघालं होतं ना, माय. पाच महिन्यांनी काम निघालं होतं. वर्षाचं तेल भरलीस तू. मग मी यायचं कसं?"

मिस्त्री उगंच जीपकडं गेले. मी रस्त्यावर उभी होते, आणि मला रडू आवरेना. इतकी पुस्तकं वाचली, इतके व्हिडिओ बघितले, आणि दुकानात "वर्षभर" ऐकल्यावर आपल्या बापाचा चेहरा कसा झाला, तेवढं मला वाचता आलं नाही. मी म्हणाले, "अप्पा, काम नसलं तरी या हो. तुमचंच घर आहे."

"तसं जमत न्हाई मला," अप्पा म्हणाले. अगदी साधेपणानं, गुडघे दुखतात असं सांगावं तसं.

नांदेडला पोचलो. मिस्त्रींनी दुसरी खुर्ची बाहेर काढली. अप्पा बसले. मी नाही बसले. मी गाडीचं बॉनेट उघडलं, तेल बघायची पट्टी बाहेर ओढली, फडक्यानं पुसली, पुन्हा घातली, पुन्हा काढली. पट्टीवर तेल चांगलं होतं. मधासारखं, किंचित काळपट. अजून सात महिने सहज गेलं असतं.

"मिस्त्री," मी म्हणाले, "हे तेल मला पसंत नाही. काढून टाका. आधीचं दाटच टाका, तीन महिन्याला बदलायचं ते."

मिस्त्री चक्रावले. "ताई, काय बोलता? हे तर अजून..." आणि ते थांबले. त्यांनी माझ्याकडं बघितलं, खुर्चीतल्या अप्पांकडं बघितलं. "पण अप्पाजींना विचारा," ते हळूच म्हणाले. "तेलातलं त्यांना कळतं."

मी पट्टी अप्पांपुढं धरली. अप्पांनी एक थेंब अंगठ्यावर घेतला. चोळला. नाकाशी नेला आणि डोळे मिटले, वाटी घेऊन आलेल्या माणसासमोर मिटतात तसे. खूप वेळ लावला. मला त्यांचा निकाल ठाऊक होता, मामाच्या तेलापासून ठाऊक होता, आणि मला भीती वाटत होती.

अप्पांनी डोळे उघडले, अंगठा धोतराला पुसला.

"लई खराब झालंय," ते म्हणाले. "काढून टाक, बाबा."