मधुराने वाचून दाखवलेलं पत्र

“पंधरा दिवसांच्या आत ऑपरेशन करा, तोवर विमानप्रवास करू नका, असं लिहिलंय यात.” माझा मुलगा निखिल हॉस्पिटलचं पत्र मला मराठीत सांगत होता. माझी सून मधुरा जाऊन तेव्हा सोळा दिवस झाले होते. मेंदूतली रक्तवाहिनी फुगलीय, कधीही फुटेल, असंही त्यात होतं. ती फुटलीच. पत्र तीन महिन्यांपूर्वीचं. “आई, तू तर म्हणालीस, चष्म्याचा नंबर वाढलाय!” म्हणाले होते खरं… कारण हेच पत्र मधुराने मला तसं वाचून दाखवलं होतं.

मी चौथी शिकलेली. इंग्रजी येत नाही, त्याची कधी लाज वाटली नाही. आमच्या सिंगापूरच्या, बुकित बातोकमधल्या फ्लॅटवर येणारं प्रत्येक पत्र मधुराच मला सांगायची. लिफ्ट बंद राहणार, डासांसाठी धूर सोडणार, सगळं. त्या दिवशी खालच्या पेटीतून पाकीट मीच वर आणलं. तिचं डोकं महिनाभर दुखत होतं, म्हणून समोर बसले आणि म्हटलं, “वाच. गाळू नकोस काही.” तिने बोट फिरवत ओळ न् ओळ वाचली. अडखळलीसुद्धा नाही. जेवताना निखिलने विचारलं, तर तिच्याआधी मीच बोलले, “माझ्यासमोर वाचलंय तिने. काळजीचं काही नाही.” माझ्या शब्दावर तो गप्प बसला.

ती इथल्या विद्यापीठात संशोधन करायची. अंतराळात माणसं राहतात त्या स्थानकावर खाणंपिणं, कपडे, सामान घेऊन एका खासगी कंपनीचं यान जातं, त्यात माणूस नसतो. त्या यानातून तिचा एक डबा जायचा होता, जेवणाच्या डब्याएवढा, आत मूग. वर पोचल्यावर ते उगवतात कसे, मुळं कुठल्या बाजूला जातात, हे बघायचं. तीन वर्षं ती त्या डब्यामागे होती. कधी तो मशीनवर गदागदा हलवून बघ, कधी गोंदाला वास येतो म्हणून सगळा उकलून पुन्हा चिकटव. बंद यानात वास चालत नाही म्हणे. माझ्या ओट्यावर वाट्यांतून मूगच मूग.

“वर उसळ करणार का गं?” मी विचारायचे.

“अहो आई, वर पाणी खाली बसत नाही. गोळा होऊन बियांनाच चिकटतं. मूग गुदमरतात.”

“मग पाण्यात घालतेस कशाला? ओल्या फडक्यात ठेव.”

आठवड्याने डब्यात कापडाची घडी बसली. “तुम्हीच पीएचडी करायला हवी होती,” ती म्हणाली. नात रेवा इथल्या पोरांच्या इंग्रजीत ओरडली, “आजी सो क्लेव्हर लाह!” खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं होतं.

उड्डाण दोनदा पुढे ढकललं. बिया ताज्या लागतात, म्हणून डबा अगदी शेवटी, यानाचं दार लावायच्या आधी द्यायचा, आणि दर वेळी नव्याने भरायचा. भरायला अमेरिकेला तीच जाणार होती. ऑपरेशन केलं असतं तर दुसरं कुणी गेलं असतं, एवढंच. ते तिला नको होतं. निघायला चार दिवस असताना ती प्रयोगशाळेत पडली. डबा घेऊन शेवटी तिचा एक सहकारी गेला.

त्या सहकाऱ्याचा फोन आला. “काकू, सगळ्या मुगांना मोड आलेत. शोधनिबंधावर मधुराचं नाव पहिलं असेल.” मी “बरं” म्हटलं आणि फोन ठेवला.

आपल्या अंकाच्या पुरवणीसाठी लिहा, तिच्या जिद्दीबद्दल लिहा, असं इथल्या मराठी मंडळातल्या बायका म्हणाल्या. जिद्द होती. हुशार होती, माझं पथ्य तिने कधी चुकवलं नाही, मला कधी उलट बोलली नाही. पण नवऱ्याला गप्प करायला तिने माझी जीभ वापरली. खरं कळलं असतं तर मी तिला हाताला धरून ऑपरेशनला नेलं असतं, हे तिला माहीत होतं, म्हणून तर तिने ते पत्र तसं वाचलं. निखिल मला म्हणतो, “तुझी चूक नाही.” म्हणताना माझ्याकडे बघत नाही.

मधुरा छत्तीस वर्षांची होती. निखिल आहे, रेवा आहे, आणि चौऱ्याहत्तर वर्षांची मी आहे.