बारावा टॉवेल

पवित्र गुरुवारच्या संध्याकाळी केरूबाबा चर्चच्या मागच्या चुलीवर पाणी तापवत होते आणि चुलीवरच डाफरत होते. लाकडं ओली, धूर डोळ्यांत, आणि एकोणीस वर्षं हेच काम. येशूने शिष्यांचे पाय धुतले, तसे फादर आज बारा जणांचे धुणार. घंगाळ घासलं केरूबाबांनी. बारा टॉवेल धुऊन घड्या घातल्या त्यांनीच. पण त्या बारा खुर्च्यांतल्या एकीवर बसायला त्यांना कधी कुणी बोलावलं नव्हतं. यंदा, एक्याऐंशी साली, आपलं नाव येणारच असं ते धरून चालले होते. रविवारी फादरांनी बारावं नाव वाचलं ते गोटीरामचं. गोटीराम! गेल्या पावसाळ्यापर्यंत दारू पिऊन चर्चच्या पायरीवर लोळायचा, आणि सकाळी ती पायरी केरूबाबा धुऊन काढायचे.

"आजचं शेवटचं," ते हंड्याला म्हणाले. "मिस्सेची प्रार्थना झाली की चर्चच्या किल्ल्या फादरांच्या हातात."

तेवढ्यात गोटीरामच मागच्या बाजूने आला. अंगात धुवट सदरा, चपला हातात.

"केरूबाबा, तांब्याभर ऊन पाणी द्या ना."

"आत फादर धुणार हायेत की! इथं काय ठेवलंय तुझं?"

गोटीरामने पाय पुढे केला. दिंडोरीच्या द्राक्षबागेत फवारणी करून मोरचुदाचा निळा रंग भेगांत मुरला होता. टाचेतून रक्त येत होतं.

"सकाळधरनं विटकरीनं घासतोय, जात नाय. असे पाय फादरांच्या हातात कसे देऊ?"

"विटकरीनं घासतात व्हय, येड्या? बस त्या डब्यावर."

केरूबाबा चरफडत खाली बसले. नारळाच्या शेंडीला साबण लावला. "म्हशीवानी पाय झाडू नको!" एकेक भेग धुतली. निळसर पाणी चुलीकडे ओघळत गेलं. सगळा रंग काही गेला नाही.

गोटीराम उठला. त्याची नजर केरूबाबांच्या पायांवर गेली. राखेने माखलेले, निखाऱ्यांनी पोळलेले पाय. त्याने तांब्या भरून घेतला. "बसा. आता तुमचे."

"ए, हात लावू नको!"

एवढी वर्षं ज्याची वाट पाहिली ते असं, उपड्या डब्यावर, याच्या हातून? त्यांनी पाय मागे ओढला. गोटीराम घोटा सोडेना.

"मला तरी कुठं बसवत होतं, बाबा?"

पाणी पायावर पडलं. त्यांनीच तापवलेलं, पण ते असं लागतं हे त्यांना ठाऊकच नव्हतं. दुसरा पाय त्यांनी आपणच पुढे केला. गोटीरामने शेजारच्या घड्यांतला वरचा टॉवेल घेऊन पाय पुसले.

आत फादर एकेक पाय धुवत शेवटच्या खुर्चीशी आले आणि त्यांनी हात मागे केला.

"केरूबाबा, टॉवेल अकराच?"

सगळं चर्च वळून पाहू लागलं.

"बारावा भिजला, फादर," केरूबाबा खेकसले. "गोटीरामानं माझे पाय पुसले त्यानं. आणतो दुसरा."

त्यांनी कमरेच्या किल्ल्या काढल्या, कपाट उघडलं, टॉवेल आणून दिला आणि किल्ल्या पुन्हा कमरेला खोचल्या.

"अन् त्या टाचेला जपून. सोलून ठेवलीय येड्यानं."