पुसलेला कोड

हे मी आजवर कुणापुढं काढलेलं नाही. बायकोपुढं नाही, ज्याच्याबरोबर रोज चहा पितो त्या शेजारच्या टायरवाल्यापुढंही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — ओळखत असतात, तर तुमच्याशीही खोटंच बोललो असतो.

आधी माझी शेखी ऐका. जालना रोडवर माझं गॅरेज. दुष्काळानं आजूबाजूची गावं रिकामी होत होती आणि शहर शेंद्र्याच्या कारखान्यांच्या दिशेनं सुटत चाललं होतं, त्या वर्षी मी स्कॅनर घेतला. गाडीला वायर जोडायची, पडद्यावर दोषाचा कोड वाचायचा. झालं — मी डॉक्टर! खेड्यातलं गिऱ्हाईक दिसलं की माझी जीभ वळवळायची. खरं तर माझा बापही फुलंब्रीकडचाच, धोतरातला. पण उथळ पाण्याला खळखळाट फार.

म्हाळू आबा करमाडचे, धनगर. चारा संपला तेव्हा मेंढरं विकून त्यांनी एक जुनी व्हॅन घेतली आणि शेंद्र्याच्या कंपनीत कामगारांची ने-आण सुरू केली. पन्नाशीत गाडी शिकलेला माणूस. त्या स्टिअरिंगचा त्यांना केवढा अभिमान! पण व्हॅन मधेच बंद पडायची. भर दुपारी, रस्त्यात. माझ्याकडं आणली की मात्र गुमान चालायची. असल्या लपाछपीच्या दोषाला आम्ही मेकॅनिक मनातून घाबरतो. आणि घाबरलेला माणूस काय करतो? समोरच्याला मूर्ख ठरवतो.

आबा हळूच म्हणाले, "मिस्त्री, बंद पडली की मी इंजनाच्या खालच्या अंगाला बाटलीतलं पाणी सोडतो. मग घटकाभरानं चालू व्हते. त्याबिगर नाय व्हत."

प्यायचं पाणी — त्या वर्षी! आणि ऐका, त्या माणसानं मला रोगच हातात आणून दिला होता. इंजिनाचा दांडा फिरतोय की नाही हे सांगणारा एक सेन्सर असतो. तो बिघडला की तापल्यावर मुका होतो, गार झाला की पुन्हा बोलतो. त्यावर पाणी ओतून बघायचं, ही आमचीच जुनी परीक्षा. कुठलं मेंढरू कधी बसलं, कधी उठलं हे बघण्यात ज्याचा जन्म गेला, त्यानं गाडीही तशीच निरखली होती. आणि मी? चार गिऱ्हाइकांसमोर म्हणालो, "मामा, गाडी है की म्हैस? पाणी काय पाजता तिला?"

सगळे हसले. आबांचा थोरला मुलगाही हसला — त्याच कंपनीत कामाला होता, शर्ट खोचून आला होता.

मग मी स्कॅनर लावला. पडद्यावर कोड आला. तोच सेन्सर.

आता खरं बोलायचं तर ते हसू माझ्यावर उलटणार होतं. एवढंच — दुसरं काही नाही. मी बटण दाबून कोड पुसला आणि मोठ्यानं सांगितलं की मशीन साफ आहे, दोष चालवणाऱ्यात आहे, यांना क्लच सोडता येत नाही.

मुलानं तिथंच आबांच्या हातातून किल्ली काढून घेतली. पुढं ऊन उतरलं. गार दिवसांत त्याच्या हाती व्हॅन एकदाही बंद पडली नाही. कशी पडेल? पण गावात ठरून गेलं की म्हाताऱ्याला गाडी जमत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात ती त्याच्या हातीही बंद पडली, माझ्या दारापासून हाकेच्या अंतरावर. आबा मागच्या सीटवर होते, मांडीवर पाण्याची बाटली. मी मुकाट्यानं सेन्सर बदलला. मुलानं विचारलं, "मिस्त्री, मागच्या साली बी ह्योच फॉल्ट व्हता का?"

बघा, कसली आयती संधी! एक 'हो' म्हणायचं होतं. माझं काय जाणार होतं — तोरा? तो तरी असा काय मोलाचा होता?

"नाय," मी म्हणालो. "हे आत्ता झालं. तवा आबांचंच चुकत होतं."

आबांनी माझ्याकडं बघितलं. त्यांना कळलं होतं. मला ते स्पष्ट दिसलं. त्यांनी बाटलीचं झाकण घट्ट केलं आणि खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांनी पुन्हा कधी स्टिअरिंगला हात लावला नाही.

माझं गॅरेज आता मोठं झालंय. पाटीवर 'अचूक निदान' असं मी रंगवून घेतलंय, लाल अक्षरात. निर्लज्जपणालाही रंग लागतो.

परवा आबा करमाडच्या फाट्यावर दिसले. उन्हात उभे होते, दुसऱ्याच्या रिक्षाची वाट बघत. माझ्या गाडीत चार जागा मोकळ्या होत्या. त्यांनी हात केला. मी काच वर केली आणि पुढं निघून गेलो.