डावं चाक

माझं लग्न झालं तेव्हा मोठे दीर जाऊन वर्ष होत आलं होतं. मी त्यांना पाहिलं नाही, त्यांचा ट्रॅक्टर तेवढा पाहिला. अक्कलकोटच्या अलीकडं आमचं गाव. गोठ्याशेजारच्या चिंचेखाली तो उभा असायचा, एक दिवा फुटलेला, एक मडगार्ड चेपलेलं. कोंबड्या नांगरावर, गाडीच्या जुवावर, कुठंही बसायच्या. त्याच्यावर कधी बसल्या नाहीत.

अपघाताबद्दल घरात कुणी बोलत नसे. मला जे कळलं ते धुण्याला गेल्यावर विहिरीवरच्या बायकांकडून. दुष्काळ सरल्यानंतरची पहिलीच बरी सुगी होती. कडब्यानं भरलेली ट्रॉली घेऊन दीर ओढ्याच्या उतारावरून खाली येत होते. ट्रॅक्टर एकाएकी डावीकडं फिरला, ट्रॉलीनं मागून रेटलं आणि सगळंच ओढ्यात उलटलं. त्याच सकाळी बापलेकांचं कडाक्याचं भांडण झालं होतं. सासरे त्यांना म्हणाले होते, पुन्हा तोंड दाखवू नकोस. अख्ख्या गल्लीनं ते ऐकलं होतं. मग गावानं ठरवूनच टाकलं, पोरानं ट्रॅक्टर मुद्दाम ओढ्यात घातला.

ट्रॅक्टर ओढून आणताना त्याचं डावं चाक फिरायलाच तयार नव्हतं. बैलजोड्या लावून तसाच फरफटत आणला. ओढ्यापासून आमच्या दारापर्यंत जमिनीत चर पडला होता म्हणे, तो पुढच्या पावसापर्यंत बुजला नाही. त्याचा जीव त्या चाकात अडकलाय, असं बायका सांगत. सासरे दिवसभर ओसरीवर ट्रॅक्टरकडं पाठ करून बसत. कुणाशी बोलत नसत, थोरल्या सुनेशी तर नाहीच.

थोरल्या जाऊबाईंना मी आक्का म्हणायची. त्यांचं माहेर कानडी मुलखातलं. दुपारी सगळे आडवे झाले की आम्ही दोघी गोठ्याच्या सावलीला ज्वारी पाखडत बसायचो. अशाच एका दुपारी मला जळका वास आला, शिंग जाळल्यासारखा, कडवट. मी चुलीकडं धावले. चूल विझलेली होती. परत आले तर आक्का सुपावरचा हात न थांबवता म्हणाल्या, "तुला बी आला व्हय?"

मग त्यांनी सांगितलं. त्या दिवशी ओढ्यात पोचल्या तेव्हा हाच वास भरून राहिला होता. तेव्हापासून उन्हाच्या वेळी तो येतो. दुसऱ्या कुणाला येत नाही, म्हणून त्या गप्प होत्या. त्यानंतर मला तो कितीदा तरी आला. वारा पडला की हटकून यायचा.

पेरणीच्या आधी माझ्या नवऱ्यानं ट्रॅक्टर दुरुस्तीला काढला. सासऱ्यांनी हो म्हटलं नाही, नकोही म्हटलं नाही. अक्कलकोटहून एक म्हातारा मिस्त्री आला. मराठी बोलायचा, पण कानडी वळणानं. इंजिन त्यानं लवकरच चालू केलं, पण ट्रॅक्टर जागचा हलेना. डावं चाक तसंच धरून बसलं होतं.

मागच्या दोन्ही चाकांना वेगवेगळे ब्रेक असतात, हे मला तेव्हा कळलं. आत लोखंडाच्या तबकड्या, त्यांच्या दोन्ही अंगांना घासून धरणारा थर, लायनिंग. पेडल दाबलं की तबकड्या दोन्हीकडून आवळल्या जातात आणि चाक थांबतं. मिस्त्रीनं आधी उजव्या बाजूचं झाकण उघडलं. आतून काळं तेल ठिबकलं. सील फाटून गिअरचं तेल आत उतरलं होतं. तबकड्या हाताला लोण्यासारख्या लागत होत्या.

मग त्यानं डावं झाकण काढलं, आणि तोच वास भसकन बाहेर आला. या वेळी सगळ्यांना आला. मिस्त्री पाना खाली ठेवून मागं सरकला. त्यानं आपला तळवा हुंगला. जळलेल्या लायनिंगचा वास चार-आठ दिवसांत मरतो, वर्ष वर्ष टिकत नाही, असं तो पुटपुटला. आत लायनिंग उरलंच नव्हतं. लोखंड निळं पडून एकमेकांत रुतलं होतं.

तो आक्कांकडं वळला आणि कानडीत बराच वेळ काही सांगत राहिला. आक्का होत्या तिथंच खाली बसल्या. माझ्या नवऱ्यानं विचारलं तेव्हा तो मराठीत म्हणाला, "उजवा तेलानं धरलाच न्हाई. डावा तेवढा धरला, म्हणून गाडी फिरली. सगळा जोर लावलेला हाय ह्यानं. ब्रेक अजून दाबलेलाच हाय, बघा."

सासरे आमच्या मागं येऊन उभे होते. कधी आले ते कळलं नाही.

"म्हंजी थांबवाय बगितलं त्यानं?"

"व्हय. शेवटपर्यंत."

मिस्त्रीनं रॉकेल ओतलं, छिन्नी लावून हळूहळू ठोकायला सुरुवात केली. बऱ्याच वेळानं रुतलेल्या तबकड्या सुटल्या, आणि त्याच क्षणी वर डावं पेडल कट्ट करून आपोआप उठलं. स्प्रिंगनं उठलं, ते मलाही कळत होतं. पण कुणीतरी पाय उचलावा तसंच ते उठलं. आम्ही सगळे त्या रिकाम्या सीटकडं बघत राहिलो. सासऱ्यांनी डोक्यावरची टोपी काढली.

नवऱ्यानं सोलापूरहून नव्या तबकड्या आणि सील आणलं. मिस्त्रीनं दोन्ही पेडलं सारखी जुळवली, उतारावर नेऊन पुन्हा पुन्हा थांबवून दाखवलं. ट्रॅक्टर सरळ थांबत होता. जळक्या तबकड्या सासऱ्यांनी उपरण्यात बांधल्या, दिवस कलताना ओढ्याकडं घेऊन गेले आणि मोकळ्या हातांनी परत आले. जेवताना ते ताटाकडं बघत आक्कांना म्हणाले, "पोरी, मी बोललो ते रागानं बोललो हुतो."

"त्येस्नी ठावं हुतं," आक्का म्हणाल्या आणि सासऱ्यांना भाकरी वाढली.

पुढं कितीतरी वर्षं माझ्या नवऱ्यानं तो ट्रॅक्टर चालवला. एकदाच, ज्वारी काढून आल्यावर हातपाय धुता धुता तो मला म्हणाला, की इतर सगळीकडं पेडल कडक लागतं, ओढ्याच्या उतारावर मात्र पाय नुसता टेकवला की ते खाली जातं, माझ्याआधीच कुणी दाबलेलं असावं तसं. भीती वाटते का, मी विचारलं. तो म्हणाला, नाही, तिथं उलट मी निर्धास्त असतो.