मेणाची दाढ

मामीच्या घरात सांडशी नव्हती. उकळतं पातेलं ती नुसत्या हातानं उचलायची, ओट्यावर आणून ठेवायची आणि वर म्हणायची, "काय बघतेस? ताटं घे." आल्यागेल्यासमोर मामा हे कौतुकानं सांगायचा. "आमच्याकडे सांडशीचा खर्चच नाही. बायकोच तशी पारखून आणलीय." पाहुणे हसायचे. मामीही हसायची. भाची हसायची नाही. पण ती कशालाच फारसं हसत नसे, त्यामुळे ते कुणाच्या नजरेत आलं नाही.

ही भाची म्हणजे मामाच्या थोरल्या बहिणीची धाकटी. परक्या मुलखात शिकायला आली, सामान घेऊन मामाच्या दारात उतरली आणि तिथंच राहिली. शिकत होती दात. दातांचे डॉक्टर तोंडात कवळ्या आणि टोप्या बसवतात, त्या काही डॉक्टर स्वतः घडवत नाहीत. मागच्या खोलीत मान मोडून बसलेलं दुसरंच कुणीतरी घडवतं. त्या मागच्या खोलीतलं हे शिक्षण. गावाकडे आईला कुणी विचारलं तर आई ठोकून द्यायची, "डॉक्टरकीच आहे, दाताची." पोरीनं एकदोनदा फोनवर दुरुस्त करून बघितलं, मग नाद सोडला.

मामी शीतगृहात कामाला होती. मोठी वखार. जाड दारं, आत फळ्यांच्या रांगा, रांगांवर गोठवलेल्या मासळीची आणि मटाराची खोकी. भाची आल्यावर महिन्याच्या आत मामीनं मुकादमाकडे शब्द टाकला आणि तिला शनिवार-रविवारचं काम मिळवून दिलं. "बसून खाते असं उद्या कुणी म्हणायला नको," मामी म्हणाली. "कोण म्हणणार आहे?" मामानं विचारलं. "मीच म्हणेन," मामी म्हणाली. तिथं विषय संपला.

काम अवघड नव्हतं. खोकं ओढायचं, त्यावर चिठ्ठी चिकटवायची, खोकं ढकलायचं. हातात आत सुती मोजे आणि वरून रबरी. पण चिठ्ठी रबराला धरून बसते, खोक्यावर जायला मागत नाही. म्हणून सगळ्या बायका उजव्या हाताचे दोन्ही मोजे काढून खिशात कोंबायच्या आणि उघड्या बोटांनी चिठ्ठ्या लावायच्या. मामीनं पहिल्याच दिवशी तिला ते दाखवलं, घरातली एखादी खुबी लेकीला दाखवावी तसं.

अर्धा तास आत काढला की बाहेर येऊन गरम खोलीत बसायचं, असा नियम होता. पोर बाहेर यायची नाही. गरम खोलीत बायका बोलायच्या. कुठली, घरी कोण, लग्न ठरलंय का, नाही तर का नाही. तिकडची भाषा तिला वाचता यायची, पण बोलायला गेलं की दाताखाली खडा आल्यासारखं व्हायचं. त्यापेक्षा आत बरं. आत खोकी काही विचारत नाहीत. बायकांनी तिचं नाव घुमी ठेवलं. मुकादम आधी एकदोनदा ओरडला, "ए घुमी, बाहेर ये, गोठशील," आणि मग त्यानंही सोडलं, कारण तिची खोकी भराभर निघायची.

पहिले काही आठवडे हात असे दुखायचे की घरी येऊन ती उशीखाली दाबून धरायची. मग दुखायचे थांबले. तिनं मामीला तसं सांगितलं.

"बघ," मामी म्हणाली. "सरावले. माझेही असेच सरावले. आता तुला कशाचं काही लागायचं नाही."

पोरीला बरं वाटलं. परक्या मुलखात येऊन तिला नीट जमलेली ती पहिलीच गोष्ट.

कॉलेजात मेणकाम शिकवणाऱ्या बाई होत्या. जाडजूड, चष्मा दोरीनं गळ्यात टांगलेला, आवाज बाजारात भाजी विकावी असा. मेणाचा ठोकळा घ्यायचा, त्यातून दाढ कोरायची; पुढे तिच्यावरूनच तोंडात बसणारी खरी दाढ ओततात. स्पिरिटच्या दिव्यावर छोटी सुरी तापवायची, कुठं मेण काढायचं, कुठं थेंब थेंब चढवायचं. बाई बाकांमधून फिरत ओरडायच्या, "डोळे फाडून काय बघताय? बोट फिरवा. केसाएवढी कड राहिली तर डोळ्याला दिसत नाही, पण ज्याच्या तोंडात जाईल तो रात्रभर तिला जीभ लावत बसेल आणि तुम्हाला शिव्या घालेल."

घुमीनं बोट फिरवलं. सगळं सपाट लागलं. दाढेवरचे उंचवटेही सपाट, मधली खाचही सपाट. तिला वाटलं, आपलं काम गुळगुळीत होतंय.

आणि मग एका दुपारी, सगळी मुलं खाली मान घालून कोरत असताना, शेजारच्या बाकावरच्या मुलानं नाक वर केलं. "काय जळतंय?" त्यानं आपली सुरी बघितली, दिवा बघितला, मग हिच्याकडे बघितलं आणि ओरडलाच. "अगं, तुझं बोट!"

तिनं सुरी मुठीकडे धरायची ती पात्याच्या जवळ धरली होती. तापलेलं लोखंड तर्जनीच्या पेरात रुतलं होतं आणि कातडी पांढरी होऊन वर आली होती. तिनं बोटाकडे बघितलं. दुकानाच्या काचेआड ठेवलेली वस्तू बघावी तसं. मग सुरी खाली ठेवली, नीट, पातं भिंतीकडे करून.

बाई आल्या. दिवा विझवला. तिचा हात उलटासुलटा करून बघितला आणि एरवी चार बाकं पलीकडे ऐकू जाणाऱ्या बाई हळू म्हणाल्या, "दुखत नाही?"

"नाही."

"कधीपासून?"

"सरावलेत, बाई."

बाईंनी तिच्याकडे असं बघितलं की तिला पहिल्यांदा शंका आली.

डॉक्टरनं तिला डोळे मिटायला लावले आणि एकेका बोटाला बारीक टोक लावून विचारलं, कुठलं? तिनं काही बरोबर सांगितली, काही अंदाजानं. अंगठा आणि पहिली दोन बोटं तर अंदाजानंच. डॉक्टर म्हणाला, "गारठ्यानं नसा गेल्यात. काही मेल्यात, काही झोपल्यात. कुठली मेली आणि कुठली झोपली हे गारठ्यातून बाहेर निघाल्यावर कळेल. आत जात राहिलीस तर जागी आहेत तीही झोपतील."

बाईंचं म्हणणं त्याहून सरळ होतं. प्रात्यक्षिक परीक्षा उन्हाळ्याआधी. चिमटीत काय धरलंय हे जिला कळत नाही तिला पेटत्या दिव्यापुढे मी बसवणार नाही. परीक्षा नाही तर जागा गेली. जागा गेली की राहायची परवानगी गेली. "हा नियम मी केलेला नाही," बाई म्हणाल्या. "पण बसवायचं की नाही हे मी ठरवणार. तेव्हा आधी तो गारठा सोड."

घरी तिनं सांगितलं तेव्हा मामी कांदा चिरत होती.

"गारठ्यानं कुठं काही होतं?" मामी म्हणाली. "मी किती वर्षं जातेय? मला झालं काही? तुला अभ्यास होईना, म्हणून ह्या बाईनं काहीतरी काढलंय."

"बोट जळलं, मामी."

"भाजतं कधीतरी. मला नाही भाजत?"

"तुम्हाला कळतं का भाजल्याचं?"

मामा टीव्हीसमोरून म्हणाला, "तिला काय कळायचंय? तिनं एकदा इस्त्रीवर हात ठेवून माझ्याशी भांडण पुरं केलं होतं." आणि हसला.

पोर उठली. शिवणाच्या डब्यातून तिनं पिन आणली. "मामी, डोळे मिटा. कुठल्या बोटाला लागतंय ते सांगा."

"हा काय पोरखेळ?"

"मिटा ना."

मामीनं सुरी खाली ठेवली, हात पुसले आणि डोळे मिटून हात टेबलावर पसरले. लहान मुलांच्या खेळात बसल्यासारखी थोडी हसत होती. पोरीनं करंगळीला टोक लावलं. "करंगळी," मामी लगेच म्हणाली. "झालं? आता जाऊ?" पोरीनं टोक मधल्या बोटावर ठेवलं. मामी थांबली. "हं, लाव की." पोरीनं टोक जरा दाबलं. "लावतेस ना? का नुसतीच बसलीस?" मामाचं हसू थांबलं. त्यानं टीव्हीचा आवाज कमी केला. "अगं, माझा कांदा पडलाय तिकडे," मामी म्हणाली. "लाव लवकर."

"लावलीय, मामी."

मामीनं डोळे उघडले. पिन पेरात उभी होती. रक्ताचा एक बारीक थेंब आला होता. मामीनं स्वतःच ती काढली, पुसली, डब्यात टाकली, डब्याचं झाकण लावलं आणि कांद्याकडे वळली. सगळा कांदा चिरून झाला. मग मामा म्हणाला, "आता बाजारातून एक सांडशी आणतो," आणि मामी म्हणाली, "गप्प बसा."

शनिवारी मामीनं तिला उठवलं नाही. पोर जागी झाली तोवर मामी एकटीच कामावर गेली होती. संध्याकाळी परत आली ती चप्पल काढता काढताच म्हणाली, "मुकादमाला सांगितलं, ही यायची नाही. म्हणाला, का? म्हटलं, तिला बोटं लागतात." मग पाणी प्यायली. "तो म्हणाला, बोटं सगळ्यांनाच लागतात. म्हटलं, होय, पण तिला दात कोरायचेत."

"आणि तुम्ही?"

"मी काय?"

"तुम्ही पण सोडा."

"मला आता कुठं काय कोरायचंय?" मामी म्हणाली. "आणि घर चालवायला कुणी यायचंय का, तुझी ती बाई?"

पोरीला वाईट वाटायला हवं होतं. ती खोलीत जाऊन बसली आणि वाट बघितली. काही वाटलं नाही. आईचा फोन आला. आईनं विचारलं, जेवलीस का. ती म्हणाली, जेवले. आईनं विचारलं, सगळं बरं ना. ती म्हणाली, बरं. हे तिला जमत होतं.

थंडी सरत आली तसा अंगठा जागा झाला. आधी मुंग्या, मग आग. झोंबायचा तेव्हा ती बाकावर बसून दात आवळायची आणि बाई शेजारून जाताना म्हणायच्या, "झोंबतंय? झोंबू दे. चांगलं आहे." मधलं बोट अर्धं आलं. तर्जनी आलीच नाही. ती हाताला होती, वाकायची, धरायची, पण बातमी आणायची नाही. मग पोरीनं करंगळीशेजारच्या बोटाला शिकवायला घेतलं. सुरी अंगठा आणि मधल्या बोटात धरायची, कड मात्र त्या चौथ्या बोटानं बघायची. हात कोंबडीच्या पंज्यासारखा दिसायचा. शेजारचा मुलगा म्हणायचा, "तू दाढ कोरतेस की माती उकरतेस?" तिनं त्याला एकदा उत्तर दिलं, त्याच्याच भाषेत, "तुझं तोंड कोरतेय." तो इतका चकित झाला की पुढे रोज तिच्याशीच बोलायला लागला.

परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. उंच, वाळके, कपाळाला आठ्या घेऊनच जन्मलेले. बाईंनी तिला बसू दिलं, पण स्वतः तिच्या बाकामागेच उभ्या राहिल्या. दिव्याजवळ तिनं घाई केली नाही. प्रत्येक वेळी सुरीची मूठ आधी डोळ्यांनी बघितली, मग धरली. शेवटी दाढ झाली तेव्हा चौथं बोट फिरवून तिला शंका आली. आतल्या बाजूला काहीतरी होतं, किंवा नव्हतं. तिनं दाढ उचलून ओठाला लावली.

"हे काय?" परीक्षक म्हणाले.

"बोटाला कळत नाही. ओठाला कळतं."

"दुसऱ्याच्या तोंडात जाणारी वस्तू आपल्या तोंडाला लावायची नाही. ठेव खाली."

तिनं खाली ठेवली. कड होती, ओठाला लागली होती, पण आता ती हाताला सापडेना. तिनं डोळ्यांच्या अंदाजानं दोन वेळा सुरी फिरवली आणि थांबली. परीक्षकांनी दाढ साच्यात बसवून बघितली. उजेडापुढे धरली. "डावीकडे उंच आहे," ते म्हणाले. "घास घेताना लागेल." मग आणखी थोडा वेळ बघितलं. "पण बाकीची दाढ दाढ आहे."

काठावर पास. बाईंनी सांगितलं तेव्हा बाकीच्या पोरी एकमेकींच्या गळ्यात पडत होत्या. बाईंनी तिचा खांदा दाबला आणि म्हणाल्या, "पुढच्या वर्षी दातांचं रंगकाम घे. ते डोळ्याचं आहे. आणि सही करून जा." तिनं सही केली.

घरी मामी जेवायला वाढत होती. "पास," पोर म्हणाली. मामा म्हणाला, "वा! आता माझे पुढचे दोन काढून तूच बसव." मामी म्हणाली, "बस जेवायला."

जेवताना मामीच म्हणाली, "तुझ्या जागी नवी पोर आलीय. तुझ्याच वयाची. कुठून आलीय कोण जाणे, पण भारी बडबडी. चिठ्ठी लावताना मोजे काढायला लागली की मी हातावर चापट मारते. अर्धा तास झाला की दंडाला धरून बाहेर काढते. मुकादम ओरडतो, खोकी तुंबली. म्हटलं, तुंबू दे."

"तिला सांगितलं का, काय होतं ते?"

"सांगितलं. पटलं नाही तिला. म्हणते, मावशी, माझे हात आता दुखतच नाहीत."

मामा खाली मान घालून जेवत होता. पोरीनं आपलं ताट उचललं, मामीचं उचललं, मोरीत नेऊन नळ सोडला. पाणी गरम आलंय की गार, ते चौथ्या बोटानं बघितलं, आणि ताटं घासायला घेतली.